गाडी कच्च्या रस्त्यावरच का तापते? चढत्या काट्याचं मूळ शोधताना

आमच्या ट्रिपला पाच-सहा गाड्या असतात आणि त्यातली एक तरी कुठेतरी बोनेट उघडून वाफ सोडत उभी राहतेच. टायर फाटतात, क्लच जळतो, विंचचा दोर तुटतो, पण ते कधीतरी. तापणं मात्र दरवेळचं. माझी स्वतःची जुनी डिझेल फोर-बाय-फोर सलग तीन सीझन तापत होती. तेवढ्या काळात मी दोन थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलले, वॉटर पंप बदलला, कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कुठलं चांगलं यावरून लोकांशी वादही घातले. शेवटी निघालेलं कारण हाताने उपसून काढता येईल असं होतं. ते पुढे येईलच. तेव्हापासून दुसऱ्यांच्याही गाड्यांत डोकं घालत आलेय आणि आता क्रम ठरून गेलाय: आधी फुकटातलं, मग स्वस्तातलं, पाना सगळ्यात शेवटी.

लक्षणं

तापमानाचा काटा चढला हे सगळेच सांगतात. मला हवं असतं ते, कधी चढला.

- मोठ्या रस्त्यावर वेगात ठीक, पण फोर-लो (चारही चाकांना जोर देणारी हळू गिअरची रेंज) लावून मुंगीच्या चालीने निघालं किंवा नुसतं उभं राहिलं की चढतो. यात बहुतेक वेळा हवा अडलेली असते किंवा फॅन काम करत नसतो.
- हळू चालताना ठीक, पण लांब चढावर जोर लावला की चढतो. इथे पाणी नीट फिरत नाहीये: रेडिएटर आतून चोंदलाय, पंप थकलाय किंवा पाइप आत ओढला जातोय.
- सकाळी थंड गाडी सुरू केली आणि पाच-सात मिनिटांत काटा लालकडे निघाला. थर्मोस्टॅट बंद अडकलाय, पाणी नाहीच, किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय.
- इंजिन तापलंय, पण हीटर लावला तर थंड हवा येते. पाणी कमी आहे किंवा आत हवेचा बुडबुडा अडकलाय.
- काटा अजून मध्यावर, पण चढावर एसी मधूनच गार करेनासा होतो. बऱ्याच गाड्या पाणी तापलं की स्वतःहून एसीचा कॉम्प्रेसर बंद करतात. हा पहिला इशारा समजा.
- केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेला आतून चिकट धुकं. हीटरची छोटी जाळी गळतेय.
- तापमानाचा दिवा आणि बॅटरीचा दिवा एकदमच लागले. बेल्ट तुटला. बऱ्याच इंजिनांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर असतात. असे दोन दिवे दिसले की पुढच्या वळणापर्यंतसुद्धा जाऊ नका.
- काटा लालपर्यंत गेला आणि मग अचानक खाली आला. यावर लोक सुटकेचा श्वास टाकतात, आणि मला घाम फुटतो. पाणी इतकं कमी झालेलं असतं की सेन्सर पाण्यात नाही, वाफेत लटकतोय. तो वाफेचं तापमान दाखवतो आणि इंजिन कोरडं भाजत राहतं.

या काट्याबद्दल आणखी एक. अलीकडच्या कित्येक गाड्यांत तो मुद्दाम शांत ठेवलेला असतो. पाणी ८० अंशांवर असो की १०० वर, काटा मध्यावरच. तो हलला तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून मी डॅशबोर्डखालच्या सॉकेटला ओबीडी रीडर लावते आणि फोनवर खरा आकडा बघते. माझे स्वतःचे ठोकताळे असे: ८५ ते १०० रोजचं, कष्टाच्या चढावर १०५ गेलं तर चालवून घेते, ११० दिसलं की थांबते, ११५ च्या वर इंजिन चालू ठेवत नाही.

काटा चढला त्या क्षणी

एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर, पंखा सगळ्यात जोरात, काचा खाली. हीटरची जाळी म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो. दोन-चार अंश तो सहज खातो. तुम्हाला घाम फुटेल, फुटू दे.

हाय रेंजमध्ये चढत असाल तर जिथे सपाट मिळेल तिथे थांबून फोर-लो लावा. हे उलटं वाटतं, कारण इंजिन जास्त फिरताना ऐकू येतं. पण फोर-लोमध्ये इंजिनवरचा भार कमी होतो आणि पंप व बेल्टवरचा फॅन मात्र जोरात फिरतात. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कुंथत, घुसमटत चढवणं हा गाडी उकळवायचा हमखास मार्ग. मऊ वाळूत असाल तर टायरमधली हवा काढा. ३५ पीएसआयवर रुतत जाणारी गाडी १८ वर आणली की इंजिनाचे कष्ट लगेच उतरलेले कळतात. तापणाऱ्या निम्म्या गाड्या मला वाळूत भेटल्या आहेत आणि त्यातल्या कित्येकांच्या टायरमध्ये डांबरी रस्त्याची हवा होती.

थांबल्यावर इंजिन बंद करायचं की नाही यावर दरवेळी वाद होतो. वाफ नाही, पाणी सांडलेलं नाही, काटा नुसता वर आहे: तोंड वाऱ्याकडे करून उभं राहा आणि १२०० ते १५०० आरपीएमवर चालू ठेवा, पाणी फिरत राहतं, आकडा उतरतो. वाफ येतेय, खाली थारोळं आहे किंवा काटा लालमध्ये गेलाय: लगेच बंद. दोन मिनिटांत उतरला नाही, तरीही बंद.

मग रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. अर्धा-पाऊण तास. हे ओळ वाचून पुढे जाण्यासारखं नाही, म्हणून कारण सांगते. झाकणावर १.१ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ते आतला दाब बाहेरच्यापेक्षा १.१ बार जास्त धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलंत की दाब जातो, आणि १०० च्या वर तापलेलं पाणी त्याच क्षणी उसळून वाफेसकट तुमच्या तोंडावर येतं. आमच्यातल्या एकाचा हात कोपरापर्यंत सोलून निघाला होता. त्याने फडकं धरलं होतं, बरं का. वरचा जाड पाइप हाताने दाबून बघा. दगडासारखा घट्ट लागला तर दाब अजून आहे. मऊ लागला, तर फडकं टाकून, तोंड बाजूला करून, पाव वळसा फिरवा आणि थांबा.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यावर बाहेरून बादली ओतू नये, हे मात्र अजून सांगावं लागतं. हेडला चीर जाऊ शकते.

पहिली तपासणी: समोर उभं राहा आणि बघा

फुकट. एक मिनिट. माझ्या अनुभवात निम्मे प्रश्न इथेच संपतात.

जाळीच्या पुढे काय आहे? नदी ओलांडताना पुढे बांधलेली ताडपत्री तशीच राहिली का? हसू नका, मी ती बांधून अकरा किलोमीटर गेलेय. वरून बसवलेले मोठे लाइट, विंच, त्यावर गुंडाळलेला दोर, जाळीला अडकवलेली पिशवी, हे सगळं हवा खातं.

मग टॉर्च घ्या आणि जाळीच्या आत बघा. बहुतेक गाड्यांत आधी एसीचा कंडेन्सर, त्यामागे कुठे इंटरकूलर आणि त्यामागे रेडिएटर असतो. समोरून दिसतो तो कंडेन्सर. तो स्वच्छ दिसला म्हणून तुम्ही खूश होता आणि फसता. माझी तीन वर्षं इथे गेली. दोन्ही जाळ्यांमधल्या बोटभर फटीत गवताचं बी, कुसळं आणि मेलेले किडे साचून वर चिखलाचा गिलावा झाला होता. वरचे दोन बोल्ट काढून कंडेन्सर थोडा पुढे झुकवला तेव्हा मधून अक्षरशः नमद्यासारखी घडी निघाली. खालचा दोन-तृतीयांश रेडिएटर तिने झाकला होता. वेगात वरच्या भागातून जेवढी हवा जायची तेवढी पुरायची. हळू झालं की संपलं.

स्वच्छ करताना इंजिन थंड हवं. गरम रेडिएटरवर गार पाणी पडलं तर त्याच्या प्लॅस्टिकच्या टाकीला तडा जाऊ शकतो. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते. समोरून मारलंत तर ती अजून आत ठोसली जाते. प्रेशर वॉशर नकोच, त्याने फिनच्या पातळ पाकळ्या आडव्या होतात आणि मग जाळी स्वच्छ असून हवा जात नाही. ट्रिपवर मी दोन लिटरच्या बाटलीच्या झाकणाला चार भोकं पाडते आणि रंगाचा मऊ ब्रश वापरते. चिखल ओला असताना दहा मिनिटांचं काम, वाळल्यावर तासाभराचं.

इथेच आणखी एक बघून घ्या. रेडिएटर आणि फॅनच्या मधलं प्लॅस्टिकचं आवरण, म्हणजे श्राउड, जागेवर आहे का? नदीत पाण्याच्या दाबाने फॅनची पाती पुढे वाकतात, श्राउड फोडतात, कधी रेडिएटरही कापतात. तुटलेलं श्राउड लोक काढून फेकून देतात, "तसंही प्लॅस्टिकच होतं". ते नसेल तर फॅन फक्त स्वतःपुढच्या गोलातून हवा ओढतो, कोपरे कोरडे राहतात.

दुसरी: पाणी किती आहे, कुठे जातंय

गाडी थंड आणि सपाटीवर हवी. कूलंटच्या टाकीवरच्या दोन रेषांच्या मध्ये पातळी असायला हवी. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही उघडून बघा, कारण टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होतं. दोघांना जोडणारी बारीक नळी तडकली किंवा झाकणाची परतीची झडप अडकली की टाकीतलं पाणी परत आत ओढलं जात नाही.

पातळी कमी असेल तर नुसती भरून पुढे जाऊ नका. पाणी गेलं म्हणजे कुठेतरी गेलंय. पुठ्ठा खाली सरकवा, दहा मिनिटं थांबा, डाग कुठे पडतो ते बघा. वाळलेलं कूलंट पांढरी, हिरवी किंवा गुलाबी पावडर सोडतं. पाइपांच्या तोंडाशी, रेडिएटरच्या शिवणीवर, पंपाखाली. इंजिनाच्या मागच्या भिंतीशी जाणारे हीटरचे दोन पाइप सगळे विसरतात आणि गळती हटकून तिथेच असते.

काय भरायचं? जवळ असेल ते स्वच्छ पाणी चालेल, घरी पोचेपर्यंत. नंतर ते काढून योग्य मिश्रण भरा. अर्धं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन), अर्धं शुद्ध पाणी असं मिश्रण दाबाशिवायही साधारण १०७ अंशांना उकळतं आणि गंज थांबवतं. रंग बघून दोन कूलंट एकमेकांत मिसळू नका, रंगाला कसलाही सार्वत्रिक नियम नाही. चुकीच्या जोडीचा चिकट गाळ होतो. आणि काढलेलं कूलंट जमिनीवर किंवा ओढ्यात ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जिवाला घातक असतं. कुत्री चाटतात आणि मरतात.

एक नियम आमच्याकडे मोडला जात नाही: माणसांचं पिण्याचं पाणी रेडिएटरला द्यायचं नाही. गाडीसाठी वेगळा दहा लिटरचा कॅन. निर्जन जागी गाडी बंद पडणं त्रासाचं असतं. तिथे गाडी बंद आणि पाणीही संपलेलं, हा वेगळाच प्रसंग होतो.

तिसरी: झाकण

सगळ्यात स्वस्त सुटा भाग आणि सगळ्यात दुर्लक्षित. खालचं रबर बघा: चिरलंय, कडक झालंय, एका बाजूला दबलंय? मग ते दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. डोंगरावर हे जास्त जाणवतं. ३००० मीटर उंचीवर उघडं पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे झाकणाने धरलेल्या प्रत्येक अंशाची तिथे गरज असते. खाली वर्षभर ठीक चाललेलं झाकण वर गेल्यावर उघडं पडतं.

गाडी गार झाल्यावर वरचा पाइप चपटा झालेला दिसला तर झाकणाची आत घेणारी झडप अडकलीय. नवीन घेताना त्यावरचा आकडा तोच हवा. "जास्त दाबाचं घालू, जास्त चांगलं" असं करून एकाने जुना रेडिएटर शिवणीतून उकलून घेतला होता.

चौथी: फॅन

हळू चालताना तापणाऱ्या गाडीत हवेची वाट मोकळी असूनही प्रश्न सुटला नाही, तर गुन्हेगार बहुधा हाच.

इलेक्ट्रिक फॅन असेल तर गाडी चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच). शेजारी हॉर्नचा रिले असतो तो बऱ्याचदा त्याच मापाचा असतो. वरचा नंबर जुळला तर अदलाबदल करून बघा. हॉर्न बंद पडला आणि फॅन फिरला की निदान झालं, खर्च शून्य. तरीही नाही, तर फॅनचा प्लग काढून आत बघा. चिखलपाण्यानंतर पिना हिरव्या झालेल्या असतात. अगदी अडलं तर फॅनला बॅटरीवरून थेट जोडता येतं, पण मोठा फॅन २०-३० अँपिअर सहज ओढतो, तेव्हा वायर जाड आणि मध्ये फ्यूज हवाच. हात घालायच्या आधी बॅटरीची ऋण वायर काढा. चावी काढलेली असली तरी हा फॅन अचानक सुरू होऊ शकतो.

फिरतोय, पण उलटा? होतं. एका गाडीचा फॅन दुरुस्त करून आणलेला होता, जोरात फिरत होता, आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापत होती. डीसी मोटरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या की ती उलटी फिरते. इंजिनाकडची गरम हवा तो पुढे ढकलत होता. परीक्षा सोपी आहे: कागदाचा कपटा जाळीसमोर धरा. आत ओढून चिकटला पाहिजे. त्या दिवशी कपटा फडफडत माझ्या अंगावर आला.

बेल्टवर फिरणारा फॅन असेल तर मध्ये बहुधा व्हिस्कस क्लच असतो: आत सिलिकॉन तेल, पुढे गुंडाळलेली पट्टीची स्प्रिंग. हवा तापली की स्प्रिंग वाट उघडते, तेल आत जातं आणि फॅन पकड घेतो. इंजिन बंद असताना हाताने फिरवा. थोडा विरोध जाणवायला हवा. एक ढकलणी दिली आणि तो मोकाट गरगर फिरत राहिला, तर क्लच संपला. त्याच्या मध्याभोवती तेलकट, धूळ चिकटलेला चट्टा असेल तर तेल गळून गेलंय. चांगला क्लच गाडी तापल्यावर घरघर आवाज करतो. ज्यांना तो आवाज नकोसा वाटतो त्यांना तो थांबल्याचं कळत नाही.

पाचवी: बेल्ट आणि पाइप

साधा बेल्ट असेल तर दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबा. साधारण सेंटिमीटरभर दबला तर ठीक, त्याहून ढिला असेल तर ताणा. आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल तर तो घसरतोय. चिखलाच्या पाण्यातून आल्यावर किंचाळणं थोडा वेळ चालतं, अर्ध्या तासानेही चालू असेल तर नाही.

पाइप थंड असताना पिळून बघा. कुरकुर आवाज आला, फुगीर मऊ जागा लागली, तेलाने भिजून लिबलिबीत झालाय: बदला. खालच्या पाइपकडे वेगळं लक्ष द्या. पंप त्यातून ओढतो, आणि आतली स्प्रिंग गंजली असेल तर रेस वाढवली की तो चपटा होतो. उभ्या गाडीत सगळं ठीक, चढावर पाणी बंद. एकाला रेस द्यायला बसवून दुसऱ्याने लांबून बघितलं तरच हे सापडतं.

जंगलात पाइप फाटला तर: टोकाशी फाटला असेल तर तेवढा कापून क्लिप पुन्हा लावा, बहुतेक पाइपांत दोन बोटं जास्तीची असतात. मध्ये फाटला असेल तर पुसून कोरडा करा आणि स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून ताणून निम्मी निम्मी चढवत गुंडाळा, वर दोन्ही बाजूंना क्लिप. मग रेडिएटरचं झाकण जुन्या पद्धतीचं असेल तर पहिल्या खाचेपर्यंतच लावा. दाब धरला जात नाही, टेप टिकते. बदल्यात पाणी लवकर उकळतं, म्हणून हळू चालवायचं आणि दर दहा-पंधरा किलोमीटरला थांबून, गार होऊ देऊन पातळी बघायची.

रेडिएटरची एखादी नळी दगडाने फुटली असेल तर ती जागेवर कापून, दोन्ही टोकं पकडीने दुमडून चेपा. पंचवीस-तीसमधल्या एक-दोन नळ्या गेल्या तरी गाडी बेताने चालते. इपॉक्सीची पुटी धातूवर बसते, प्लॅस्टिकच्या टाकीवर फार वेळ टिकत नाही. बाटलीतलं गळतीबंद औषध मी शेवटचा उपाय म्हणून ठेवते, कारण ते गळती बुजवतं तशी हीटरची बारीक जाळीही बुजवतं. अंड्याचा बलक वगैरे नुसखे ज्यांनी सांगितले त्यांना नंतर रेडिएटर धुवायला बोलवा.

सहावी: थर्मोस्टॅट

आता पाना. लोक सुरुवात इथून करतात. मीही केली होती. पाइपांना हात लावून आधी अंदाज घ्या. इंजिन तापलंय, पण रेडिएटरचा एक पाइप चटका देणारा आणि दुसरा गार असेल, तर पाणी रेडिएटरमधून फिरत नाहीये. थर्मोस्टॅट बंद अडकलाय, किंवा हवा अडकलीय, किंवा रेडिएटर चोंदलाय.

काढला तर पातेल्यातल्या पाण्यात तापवून बघा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. तिथे हलायला लागून आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

"काढूनच टाक, कटकट नको" हा सल्ला सगळीकडे मिळतो. अडकलेला काढून घरापर्यंत येणं वेगळं. पण काही इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची चकती बायपासची वाट बंद करत असते. तो नसेल तर पाणी रेडिएटर सोडून बायपासमधूनच गोल फिरतं आणि गाडी जास्त तापते. कायमचा काढून ठेवू नका.

परत भरताना हवा काढायला विसरू नका. गाडीचं नाक चढाकडे करा, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, हळूहळू भरा. हवा सोडायचा स्क्रू असेल तर तिथून बुडबुड्याशिवाय पाणी येईपर्यंत उघडा ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम उतरते. तेव्हा पुन्हा भरा. पाणी उकळायच्या आत झाकण लावा. "नवीन थर्मोस्टॅट टाकूनही तापते" या तक्रारीमागे निम्म्या वेळा अडकलेली हवाच असते.

इथे थांबा

पुढची कामं मी स्वतः करत नाही, तुम्हीही रस्त्यावर करू नका.

वॉटर पंपाच्या खाली एक छोटं भोक असतं. तिथून ओघळ आलेला दिसला, पुली हाताने डुगडुगली किंवा खरखर आवाज आला, तर पंप गेला. अनेक इंजिनांत तो टायमिंग बेल्टवर असतो. त्यात एक दात चुकला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडतात. मेकॅनिककडे.

रेडिएटर आतून चोंदलाय असा संशय असेल, म्हणजे लांबून तापमान मोजणाऱ्या यंत्राने जाळीवर गार पट्टे दिसत असतील, तर तो काढून आतून साफ करणं किंवा बदलणं हे दुकानातलं काम.

हेड गॅस्केट गेल्याच्या खुणा ओळखायला शिका. पाणी कुठे गळत नाही तरी कमी होतं. थंड गाडी सुरू केल्यावर दोन मिनिटांत वरचा पाइप टणक होतो. टाकीत सतत बुडबुडे. सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर, गाडी तापल्यावरही न थांबणारा. तेलाच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर दुधाळ मलई. (नुसत्या झाकणाखाली थोडी पांढरट थर थंडीत कमी चालणाऱ्या गाडीलाही येते, डिपस्टिकवर असेल तर शंका नाही.) मेकॅनिककडे एक रसायन असतं, टाकीच्या तोंडाशी धरलं की जळलेला वायू असल्यास निळ्याचं पिवळं होतं. यातलं काहीही दिसलं तर सुरू करायचा मोह आवरा. ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉडही वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. टोचन लावा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्याचं तेल बऱ्याचदा रेडिएटरच्याच टाकीतून गार होतं. ते तेल गुलाबी दुधासारखं दिसलं म्हणजे आतली भिंत फुटली. एक मीटरही चालवू नका आणि चाकांवर ओढत नेऊ नका, गाडी उचलूनच न्या. नुसता गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा लागला असेल तर इंजिन बंद न करता न्यूट्रलमध्ये थोडी रेस देत ठेवा, म्हणजे तेल फिरून गार होतं.

आणि एकदा काटा खरोखर लालमध्ये जाऊन आला असेल, तर नंतर सगळं ठीक वाटलं तरी हेड तपासून घ्या. पुढच्या ट्रिपच्या आधी.

मेकॅनिककडे "तापते" एवढंच सांगितलंत तर तो थर्मोस्टॅटपासून सुरुवात करेल. मी चिठ्ठीच देते. शेवटची अशी होती: "फोर-लो, पहिला गिअर, चढ, २० मिनिटांनी १०८. सपाटीवर ५० च्या वेगात ४ मिनिटांत ९२. हीटर गरम. पाणी कमी होत नाही. झाकण नवीन. जाळ्या धुतल्या. फॅन क्लच गरम असताना हाताने मोकळा फिरतो." तो वाचून बोनेटसुद्धा न उघडता क्लच आणायला आत गेला.